मदत हवी आहे : एका मुक्कामात डाऊन (पक्ष्यांच्या मऊ पिसांची) स्लीपिंग बॅग धुवावी का?

लांब पल्ल्याच्या पायी प्रवासात मध्ये एका छोट्या गावात एकच मुक्काम आहे, साधारण 20 तास. कपडे धुणं, शिधा भरणं, वॉटर फिल्टरमध्ये उलटं पाणी मारणं, एवढं सहज बसतं. अडतंय ते डाऊन बॅगपाशी.

घामाने आणि अंगाच्या तेलाने पिसं चिकटली आहेत. पायाकडचा कप्पा उजेडात धरला की मधली पट्टी रिकामी दिसते, गुठळ्या कडेला. नीट धुवायची तर फ्रंट लोड मशीन, डाऊनचा साबण, दोनदा जास्तीचं खळबळणं, मग कमी तापमानावर ड्रायरमध्ये तीनेक तास, सोबत दोन-तीन टेनिस बॉल. ओली बॅग एका टोकाने उचलली तर पाण्याच्या वजनाने पिसांचे कप्पे वेगळे ठेवणारे आतले पडदे फाटू शकतात, हे माहीत आहे. खरी भीती अर्धवट सुकण्याची. बाहेरून कोरडी लागते, गुठळीत ओल राहते आणि सॅकमध्ये कोंबली की कुबट वास धरते.

ड्रायर मिळालाच नाही तर नुसत्या पंख्याखाली एवढ्या वेळात सुकेल का? की धुणं टाळून गळ्याकडचा मळका भाग तेवढा स्पंजने पुसावा? ज्यांनी वाटेत हे केलंय त्यांनी फुगवटा कितपत परत आला ते जरूर सांगा.