मदत हवी आहे: भिंत नसतानाही एमएसडी आडवा का होतोय?

अडकलेला_कण: तीन दिवस हेच चाललंय. कणांच्या साध्या ब्राउनियन विसरणाचं सिम्युलेशन, त्रिमितीत, सगळीकडे पिरिऑडिक बाउंडरी (एका बाजूने बाहेर गेलेला कण समोरच्या बाजूने आत येतो). एमएसडी, म्हणजे सुरुवातीपासूनच्या विस्थापनाच्या वर्गाची सरासरी, आधी छान सरळ चढतो आणि मग ५० च्या आसपास आडवा. यादृच्छिक संख्यांचा सीड बदलला, टाइमस्टेप निम्मा केला, तेच. उद्या गाइडना आलेख दाखवायचाय, प्लीज लवकर सांगा.

खटपट्या: बॉक्स केवढा? कोड कुणाचा? फाइलमधले निर्देशांक गुंडाळलेले (बाहेर गेलेला कण परत बॉक्समध्ये आणलेला) की मोकळे?

रात्रपाळी: टाइमस्टेप कमी करा. माझं त्यानेच सुटलं होतं.

अडकलेला_कण: निम्मा केला, वर लिहिलंय. कोड माझाच, बॉक्स १० चा. कण बाहेर गेला की आत आणतो, ते तर सगळेच करतात ना?

खटपट्या: मग मेख तिथेच आहे. कण ९.९ वरून ०.१ वर आला म्हणजे खरं तर ०.२ पुढे सरकला, पण तुमच्या हिशेबात तो ९.८ मागे गेला. गुंडाळलेल्या निर्देशांकांवर एमएसडी शेवटी दर अक्षाला एल (बॉक्सची लांबी) वर्ग भागिले ६ वर अडकतो. तीन अक्षांचे मिळून १०० चे निम्मे, म्हणजे तुमचे ५०.

जवळची_प्रतिमा: सोपंय, सुरुवातीपासूनच्या अंतराला मिनिमम इमेज लावा, म्हणजे कणाच्या सगळ्या प्रतिमांपैकी सर्वांत जवळचीचं अंतर धरा.

खटपट्या: अहो, नको! तसं केलं तर रेषा २५ वर आडवी होईल. मिनिमम इमेज लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये (फाइलमध्ये साठवलेल्या क्षणांमध्ये) लावायची आणि ती विस्थापनं बेरजेत घ्यायची. तेही दोन फ्रेममध्ये कण अर्ध्या बॉक्सपेक्षा कमी सरकला असेल तरच.

रात्रपाळी: स्वतःचा कोड कशाला? लॅम्प्स या तयार सिम्युलेशन प्रोग्रॅममध्ये एक्सयू, वाययू, झेडयू हे मोकळे निर्देशांक लिहून घेतले की झालं. ग्रोमॅक्स या तसल्याच प्रोग्रॅममध्ये त्यासाठी नोजंप हा पर्याय आहे.

द्रवगतिक: डी (विसरण गुणांक) काढताना ये आणि हमर या संशोधकांची २००४ ची बॉक्सच्या आकाराची दुरुस्ती विसरू नका.

खटपट्या: ती द्रवातल्या प्रवाहामुळे लागते. यांच्या मॉडेलमध्ये द्रव कुठाय?

द्रवगतिक: ब्राउनियन म्हटल्यावर द्रव आलाच की!

खटपट्या: घर्षण आलं. एका कणामुळे दुसऱ्याभोवती प्रवाह होतो, ते धरलंय का, हे त्यांनीच सांगावं.

अडकलेला_कण: नाही धरलेलं. जुन्याच फाइलमधले निर्देशांक तसे उलगडले, दोन फ्रेममधलं सगळ्यात मोठं विस्थापन ०.८ आहे. रेषा ५० ओलांडून सरळ वर गेली! मनापासून आभार. पण एका कणाचा निर्देशांक उणे ०.३ दिसतोय, तो आत का नाही आला?

जवळची_प्रतिमा: सी भाषा वापरता का? तिचं बाकी काढणारं फंक्शन एफमॉड उणे संख्येचं उत्तर उणेच देतं. उत्तर उणे आलं की त्यात एल मिळवा.