लिव्हरमधली गाठ साधी आहे म्हणतात, तरी ऑपरेशन करायचं का?

मनीषनगरवाली:
नमस्कार, वहिनीला (वय ३४) जेवल्यावर पोट जड वाटायचं म्हणून सोनोग्राफी केली तर लिव्हरच्या उजव्या बाजूला ५.८ सेमीची गाठ निघाली. कॅन्सरची वाटत नाही म्हणाले. पण धंतोलीतले एक सर्जन म्हणतात मोठी आहे, फुटू शकते, काढून टाका, अन् रामदासपेठेतले दुसरे म्हणतात काहीच करू नका, सहा महिन्यांनी या. दादा तीन रात्री झोपला नाही. साधी आहे तर काढायची कशाला, अन् काढायची आहे तर ती साधी कशी? कोणाच्या घरी असं झालं असेल तर प्लीज सांगा.

फुटाळाकाठ:
ताई, घाबरू नका जी. माझ्या आईला २०१४ मध्ये ७ सेमीचा हिमॅन्जिओमा निघाला, आम्ही पण असेच घाबरलो होतो. मेडिकलच्या सरांनी समजावलं की हे रक्तवाहिन्यांचं गुंतवळ आहे, याचा कॅन्सर होत नाही, फुटणं तर फारच विरळ. आई आजही पहाटे तलावावर फिरायला जाते. माझं मत विचाराल तर हात लावू नका.

ओटीतला:
आईंचं बरोबर आहे, पण ते हिमॅन्जिओमापुरतं. मी सर्जरीचा पीजी (एमबीबीएसनंतर सर्जरी शिकणारा डॉक्टर) आहे म्हणून सांगतो, किती सेमी हे नंतर, आधी गाठ कोणती ते विचारा. हिमॅन्जिओमा कॉन्ट्रास्ट (स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात ते औषध) दिल्यावर कडेकडेनी उजळतो अन् मग हळूहळू मधात भरत जातो, ते दिसलं की बायोप्सी पण करत नाहीत, रक्तस्राव होऊ शकतो. खूप दुखत असेल किंवा पोटावर दाबत असेल तरच काढतात. एफएनएच (ही पण लिव्हरची एक साधी गाठ) असेल, मधोमध व्रणासारखी रेघ दिसते, तर बहुतेकदा काहीच करावं लागत नाही. अडचण ॲडिनोमाची, म्हणजे लिव्हरच्याच पेशींपासून वाढणाऱ्या गाठीची आहे. तो ५ सेमीच्या वर गेला की फुटायची भीती वाढते, क्वचित कॅन्सरही होतो, अन् पुरुषाला असेल तर लहान असला तरी काढायलाच सांगतात. सोनोग्राफीत हे तिन्ही नीट वेगळे कळत नाहीत, कॉन्ट्रास्टवाला एमआरआय करा. अन् वहिनी गर्भनिरोधक गोळ्या घेतात का? पाळीसाठी देतात त्या पण धरा, त्यांतल्या हार्मोननी ॲडिनोमा वाढू शकतो.

वर्धारोडवरून:
गोळ्यांचा प्रश्न हलक्यात घेऊ नका. माझी मावसबहीण लग्नात पंगतीत वाढून राहिली होती, उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की हातातलं भांडं सुटलं, ओठ पांढरेफटक. ॲडिनोमा फुटला होता. आधी अँजिओग्राफी करून ती रक्तवाहिनी बंद केली, ऑपरेशन नंतर तीन महिन्यांनी. गाठीचा रिपोर्ट वर्षभरापासून आमच्याच कपाटात पडून होता, अजूनही तो आठवला की पोटात कालवतं.

मनीषनगरवाली:
सगळ्यांचे खूप आभार. एमआरआय झाला, ॲडिनोमाच आहे. वहिनी पीसीओडीसाठी सहा वर्षांपासून त्याच गोळ्या घेत होती, आम्ही कोणालाच सांगितलं नव्हतं कारण त्या पाळीच्या गोळ्या, त्यांचा लिव्हरशी काय संबंध असंच वाटायचं. गोळ्या कालपासून बंद, वजन ७८ आहे ते कमी करायचं, सहा महिन्यांनी परत एमआरआय. ५ च्या खाली आली तर नुसतं लक्ष ठेवायचं, नाही आली तर दुर्बिणीनी काढायची. बाळाचा विचार चालू होता, तो तोपर्यंत थांबवा म्हणाले कारण दिवस राहिले की ही गाठ वाढू शकते. मधात अचानक जोरात दुखलं किंवा चक्कर आली तर सरळ कॅज्युअल्टी, हे दादानी फ्रिजवर लिहून लावलंय. रिपोर्ट आता दुसऱ्या सर्जनना पण दाखवला, दोघंही हेच सांगून राहिले.