उपचार मोफत असले तरी आरोग्यातील विषमता का टिकते?

प्रश्न
उपचार परवडत नाहीत म्हणून गरीब माणूस लवकर दगावतो, हे समजण्यासारखे आहे. परंतु ब्रिटनमध्ये १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा सर्वांना खुली असूनही, आरोग्यातील विषमतेवरील १९८० च्या सरकारी ब्लॅक अहवालात सामाजिक वर्गांच्या मृत्युदरांतील तफावत कायम, किंबहुना वाढलेली दिसली. मग उरलेला दोष धूम्रपान, आहार अशा वैयक्तिक सवयींचाच मानावा काय?

प्रतिसाद १
सवयींचा वाटा आहेच. मात्र सगळा भार त्यांच्यावर टाकता येत नाही. लंडनमधील सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. त्यात सहभागी झालेल्या सुमारे अठरा हजार पुरुषांपैकी प्रत्येकाला कायमची नोकरी होती, तरीही सर्वांत खालच्या श्रेणीत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या तिपटीहून अधिक निघाले. धूम्रपान, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांचा हिशेब वजा केल्यावरही ही दरी थोडीच कमी झाली. मला याहून महत्त्वाचे वाटते ते असे, की वरून दुसऱ्या श्रेणीचे आरोग्यही पहिलीपेक्षा उणे होते, म्हणजे हा प्रश्न केवळ तळाच्या लोकांचा नाही. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात स्त्रियांचाही समावेश झाला आणि आपल्या कामावर आपले नियंत्रण किती, याचा हृदयविकाराशी असलेला संबंध तपासला गेला. शिवाय, सवय ही तरी निव्वळ निवड कुठे असते? पाळ्यांमध्ये काम करणाऱ्याची झोप आणि जेवणाची वेळ त्याच्या मर्जीने ठरत नाही.

प्रतिसाद २
'खुली' आणि 'मोफत' या शब्दांवर आपण जरा जास्तच विसंबला आहात, असे वाटते. दवाखाना कामाच्या वेळेतच उघडा असेल, तर रोजंदारीवरील माणसाला तपासणीची किंमत बुडालेल्या मजुरीत मोजावी लागते. प्रवास, घरातील लहान मुले सांभाळण्याची सोय आणि डॉक्टर आपले म्हणणे ऐकून घेईल की नाही ही धास्ती, हे त्यावर आणखी. वेल्समधील खाणकामगारांच्या गावात काम करणारे डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये मांडले, की चांगली वैद्यकीय सेवा जिथे तिची गरज अधिक तिथेच कमी मिळते, आणि सेवेवर बाजाराचा प्रभाव जितका जास्त तितके हे अधिक घडते.

प्रतिसाद ३
एक सावधगिरी सुचवतो. आजारपणामुळेही नोकरी जाते, उत्पन्न घटते, त्यामुळे कार्यकारणाची दिशा नेहमी एकच असेल असे नाही. ही शंका अभ्यासकांनीही घेतली आहे. पण नोकरीला लागताना निरोगी असलेल्यांचा दीर्घकाळ पाठपुरावा केल्यावरही तफावत उरते, म्हणून तेवढ्याने तिचा उलगडा होत नाही. क्षयरोगाचे उदाहरणही पाहावे. इंग्लंड व वेल्समध्ये त्याचे मृत्यू १९४० च्या दशकात त्यावरील स्ट्रेप्टोमायसिन हे औषध येण्यापूर्वीच बरेच घटले होते. सामाजिक वैद्यकाचे अभ्यासक थॉमस मॅक्किओन यांनी या घटीचे श्रेय मुख्यतः सुधारलेल्या आहाराला दिले, तर इतिहासकार सायमन स्रेटर यांनी १९८८ मध्ये त्यावर आक्षेप घेऊन नगरपालिकांच्या स्वच्छतेच्या व गृहनिर्माणाच्या कामाकडे लक्ष वेधले. हा वाद निव्वळ इतिहासाचा नाही, कारण पहिले मत मानले तर उत्पन्नवाढीची वाट पाहत बसणे पुरेसे ठरते आणि दुसरे मानले तर कर लावून पाणी, गटारे आणि घरे उभारावी लागतात.