विषय: बॅटरी बदलली, दिवे जाईनात

मेधा, फ्रीमाँट (शनिवार सकाळ)

नमस्कार मंडळी,
सहा आठवडे पुण्याला राहून गुरुवारी परतलो. गॅरेजमधली होंडा सीआर-व्ही (२०१७) हूं की चूं करेना. शेजाऱ्यांनी जंप दिला, पण बॅटरी गेलेलीच होती. नवीन आणली, ह्यांनी घरीच बसवली. गाडी झटक्यात सुरू झाली, पण डॅशबोर्डवर व्हीएसए, ब्रेक, टायर, लेनवाला, सगळे एकदम लागले आणि जाईनात. एका गॅरेजला फोन केला तर नुसतं बघायचेच १८० डॉलर. त्यात डीएमव्हीचं, म्हणजे इथल्या आरटीओचं, पत्र येऊन पडलंय, स्मॉग (धुराची तपासणी) करायचाय. दिवे घालवायचं ते यंत्र कुणाकडे आहे का?

रोहन, सनीव्हेल

मेधाताई, माझ्याकडे ब्लूटूथवालं आहे. स्टिअरिंगखाली खोचायचं, फोनवर क्लिअर दाबायचं, दोन मिनिटांत साफ. संध्याकाळी आणून देतो, सोमवारी स्मॉग उरकून टाका.

वसंतकाका, मिलपिटास

रोहन, थांब रे बाबा.

मेधा, आधी दिव्यांचा रंग बघ. इंजिन चालू असताना बॅटरीचा किंवा ऑइलचा लाल दिवा राहत असेल तर गाडी हलवू नकोस. सगळे पिवळेच असतील तर यंत्र नको, गाडी चालव. बॅटरी सुटली की स्टिअरिंग नेमकं सरळ कुठे असतं हे गाडी विसरते. ते ठाऊक नसेल तर घसरताना सावरणारी व्हीएसए काय कप्पाळ काम करणार? ती हात वर करते, आणि तिच्यावर विसंबलेले बाकीचेही. होंडाच्या पुस्तकात सरळ लिहिलंय की ताशी १२ मैलांच्या वर थोडं अंतर चालवा, दिवे जातील. इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे टोकापर्यंत फिरव, मग सरळ रस्ता धर. निघण्याआधी बॉनेट उघडून निगेटिव्हचा क्लॅम्प हाताने हलवून बघ. जरा जरी हलला तर इंजिन बंद करून दहाच्या पान्याने आवळ. घरी बसवलेल्या बॅटरीत हेच राहून जातं. (ह्यांना सांगू नकोस मी म्हटलं म्हणून.)

आता स्मॉग. सोमवारी अजिबात जाऊ नकोस. धूर सांभाळणाऱ्या एकेका भागाची तपासणी गाडीचा संगणक चालता चालता स्वतःच करतो आणि निकाल जपून ठेवतो. बॅटरी काढली की ते निकाल पुसले जातात, आणि रोहनच्या यंत्रावर क्लिअर दाबलं तरी तेच होतं. २००० सालच्या आणि पुढच्या पेट्रोल गाड्यांना कॅलिफोर्नियात टाकीच्या वाफेची तेवढी एक तपासणी अपुरी चालते, बाकी सगळ्या पुऱ्या लागतात. माझी कॅमरी मी असाच घाईने घेऊन गेलो होतो. डॅशबोर्डवर एक दिवा नाही, इंजिन ठणठणीत, तरी नापास. फी गेली ती गेलीच.

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू कर, दोनेक मिनिटं तशीच ठेव. मग ६८० फ्रीवेवर वीस मिनिटं ताशी ५५ मैलांच्या आसपास एकसारखी चालव, मागे कुणी नसेल तिथे गॅसवरचा पाय काढून आपोआप मंद होऊ दे. टाकी अर्ध्याच्या आसपास असू दे, काठोकाठ नको. असं आठवडाभर. झालं का ते तुझी गाडीच सांगेल: ब्रेकवर पाय न ठेवता स्टार्टचं बटण दोनदा दाब, इंजिन सुरू करू नकोस आणि चेक इंजिनकडे बघत राहा. थोड्या वेळाने नुसता विझला तर गाडी तयार. पाच वेळा लुकलुकला तर अजून नाही.

मेधा

काका, क्लॅम्प खरंच हलत होता! आवळला. पासेओ पाद्रेवर दुसऱ्या सिग्नलच्या आत एकेक करत सगळे विझले, टायरचा तेवढा राहिला. मोजून बघितलं तर मागचा उजवा २५ वर. म्हणजे तो बिचारा खरंच बोलत होता. आत्ता घरी येऊन चेक इंजिन बघितला, पाच वेळा लुकलुकला.

वसंतकाका

मग पुढच्या शनिवारी परत बघ. दारावरच्या स्टिकरवर आकडा आहे तेवढी हवा भर. पेट्रोल घेतलंस तर कॅलिफोर्नियात पंपवाल्याला हवा फुकट द्यावीच लागते, कायदाच आहे. मग सेटिंगमध्ये जाऊन टीपीएमएस (टायरच्या हवेवर नजर ठेवणारी यंत्रणा) कॅलिब्रेशन लाव. तुझ्या गाडीत टायरमध्ये सेन्सर नाहीत, चाकांच्या फिरण्यावरून ती अंदाज बांधते.

स्मिता, सॅन होजे

काका, आम्ही डिसेंबरात नाशिकला चाललोय, पाच आठवडे. जाताना निगेटिव्ह काढून ठेवू का?

वसंतकाका

काढलंस तर बॅटरी वाचेल, पण आल्यावर मेधासारखंच सगळं. उभी गाडीही वीज पीत असते. ५० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-तास, सहा आठवड्यांत ५०. मध्यम गाडीची बॅटरी साधारण तेवढीच असते. गॅरेजात प्लग असेल तर बॅटरी भरलेली ठेवणारा मेंटेनर लाव. नसेल तर किल्ली आमच्याकडे ठेव, रविवारी मराठी शाळेच्या फेरीला तीच नेतो. विम्यात दुसऱ्याने चालवलेलं चालतं ना, तेवढं विचारून घे.