मुलांना घेऊन, फारसा खर्च न करता: तुम्ही कुठे जाता, काय करता?

गेलं वर्षभर आमच्या घरात एकाच पगारावर चाललंय. त्याआधी सुट्टीचा दिवस म्हणजे तिकीट काढून कुठेतरी आत शिरायचं, असंच होतं. ते थांबलं तेव्हा सुरुवातीचे दोन महिने मला मुलाच्या तोंडाकडे बघवायचं नाही. तो चार वर्षांचा. मग एका दुपारी काहीच न ठरवता त्याला घेऊन जवळच्या बागेत गेले. झाडाखाली उजेडाचे ठिपके पडले होते. तो उकिडवा बसला आणि म्हणाला, "आई, हे गोल कुणी काढले?"

मला उत्तर येत नव्हतं. घरी येऊन शोधलं. पानांमधली फट कशीही वेडीवाकडी असो, ती पुरेशी बारीक असेल तर खाली पडतो तो फटीचा आकार नसतोच, ते सूर्याचं चित्र असतं. सूर्य गोल, म्हणून कवडसा गोल. खंडग्रास ग्रहणात हेच कवडसे कोरीसारखे होतात. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याला दोन-तीन मिलिमीटरचं त्रिकोणी भोक पाडून पुन्हा गेलो. पुठ्ठा जमिनीलगत धरला की खाली त्रिकोण, मीटरभर वर नेला की गोल. (वर सूर्याकडे बघायचं नाही, फक्त जमिनीकडे. हे त्याला आधी तीनदा सांगितलं.) तासभर आम्ही दोघं तेच करत होतो.

तर मला ठिकाणांची यादी नकोय. गाव प्रत्येकाचं वेगळं. तिथे जाऊन तुम्ही नेमकं काय केलंत, मूल कशात रमलं, कुठे फसलं, ते लिहा.

दोन मुलांची आई

आमचं सगळं रात्रीचं, कारण दोघंही कामावरून उशिरा येतो. दिव्यांचा झोत थेट डोळ्यांत येणार नाही असं एक मैदान पायी अंतरावर आहे. आधी नुसते तारे दाखवायचो आणि मुलं दहा मिनिटांत कंटाळायची. मग घरात एक खेळ सुरू झाला: ज्याचा त्याचा तारा शोधायचा. म्हणजे असा तारा, की त्याचा जो उजेड आज आपल्याला दिसतोय तो आपण जन्मलो त्या सुमारास तिथून निघालेला.

व्याध ८.६ प्रकाशवर्षं दूर आहे, म्हणजे त्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला ८.६ वर्षं लागतात. गेल्या मार्चमध्ये धाकटीला ८ वर्षं ७ महिने झाले, म्हणजे व्याध तिचा. मोठा साडेअकरा वर्षांचा, त्याला प्रश्वा मिळाला. माझी ३७ वर्षं, मला स्वाती. यांची ४३, यांचा ब्रह्महृदय. आणि सासूबाईंची ६५, त्यांच्यासाठी रोहिणी. थोडं इकडेतिकडे चालवून घेतो. मार्चच्या उत्तरार्धात रात्री नवाच्या सुमारास हे पाचही एकाच वेळी आकाशात होते. रोहिणी पश्चिमेला कललेली, स्वाती पूर्वेला नुकती वर आलेली.

ओळखायला सोपं आहे. मृगाच्या मधले एका रेषेतले तीन तारे सापडले की ती रेष एका बाजूला वाढवा, व्याध. दुसऱ्या बाजूला वाढवा, तांबूस रोहिणी. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं तरी लागतात, तेवढा वेळ मोबाइल पिशवीत.

सासूबाई येतच नव्हत्या, गुडघे दुखतात म्हणून. त्या दिवशी घडीची खुर्ची नेली. धाकटीने त्यांना रोहिणी दाखवली आणि हिशेब समजावला. त्या बराच वेळ वर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी आई तेव्हा एकोणीस वर्षांची होती." त्यानंतर तासभर त्या आपल्या आईबद्दल बोलल्या. यांनीही त्यातलं बरंचसं पहिल्यांदाच ऐकलं. मुलं एकदाही "घरी चला" म्हणाली नाहीत.

शेजाऱ्यांकडून दुर्बीण मागून आणली तर गुरूचे चार चंद्रही दिसतात, पण कोपर भिंतीवर टेकवायला हवेत, नाहीतर सगळं हलतं. १६१० साली गॅलिलिओने पाहिले तेच हे चार. आज कागदावर त्यांच्या जागा काढायच्या, उद्या परत काढायच्या. चित्र बदललेलं असतं. मोठ्याने अशी वहीच केली आहे.

एक आजोबा

मला फार चालवत नाही. नातू सात वर्षांचा आणि त्याला आगगाडीचं वेड. रुळांपासून लांब, वरून जाणारा एक पादचारी पूल आहे, तिथे आम्ही जातो. गाड्या मोजणं दोन दिवसांत संपलं. मग मी त्याला म्हटलं, डोळे मीट आणि भोंगा ऐक. गाडी जवळ येताना स्वर चढा असतो, पुलाखालून पार झाली की एकदम उतरतो. तो तोंडाने दोन्ही स्वर काढायला लागला. मग मी त्याला गोष्ट सांगितली. डॉपलर नावाच्या माणसाने १८४२ साली असं का होतं ते मांडलं, आणि तीन वर्षांनी हॉलंडमध्ये दुसऱ्या एका शास्त्रज्ञाने ते पडताळून पाहायला चालत्या गाडीत वाजंत्री बसवून एकच स्वर धरायला लावला. रुळाशेजारी कान तयार असलेले संगीतकार उभे केले आणि स्वर किती बदलला ते त्यांना ओळखायला सांगितलं.

नातवाला ही गोष्ट इतकी आवडली की आता रुग्णवाहिका गेली तरी तो थांबतो. पुलावर बसायला जागा नाही, ही मात्र माझी अडचण आहे. अर्धा तास, त्याहून जास्त नाही.

दीड वर्षाच्या मुलाचे बाबा

चालू बांधकाम. कुंपणाबाहेर, सुरक्षित अंतरावर. क्रेन वर गेली, खाली आली. रोज तेच आणि रोज तितकाच आनंद. एवढ्या लहान मुलाला रोज नवं काही लागत नाही, आपल्यालाच लागतं.

समुद्राजवळ राहणारे कुटुंब

आमचा किनारा खडकाळ, पोहण्यासारखा नाही, म्हणून पहिली दोन वर्षं आम्ही तिकडे फिरकलोच नाही. ओहोटीला पाणी मागे गेलं की खडकांत डबकी उरतात, आणि खरी मजा त्यांत आहे. शंखात राहणारे खेकडे, बोट जवळ नेलं की मिटणारी समुद्रफुलं, खडकाला घट्ट चिकटलेली कालवं.

आता फसलेलं सांगते, कारण ते महत्त्वाचं आहे. तिसऱ्या वेळी आम्ही चौघंही डबक्यात डोकी घालून बसलो आणि समुद्राकडे पाठ होती. भरती लागली होती. मागे वळून बघतो तर आलो त्या वाटेवर पाणी भरलेलं. मुलांना खांद्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून बाहेर आलो. मला त्या रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासून भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय पाऊल टाकत नाही. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कालची वेळ आज धरून चालत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी सगळ्यात लांब जातं, पण परत येतं तेही जोरात. अष्टमीच्या सुमाराच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, फारसं उघडं पडत नाही. ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी पोचायचं, पाणी फिरलं की निघायचं. एकजण कायम समुद्राकडे तोंड करून उभा. उचललेला दगड होता तसाच, त्याच जागी ठेवायचा, कारण त्याच्याखाली कुणाचं तरी घर असतं. आता मुलीच आम्हाला ओरडतात, "बाबा, तुमची पाळी आहे, पाण्याकडे बघा!"

ज्याला गोंगाट सहन होत नाही अशा मुलाची आई

बागा, जत्रा, किनारे, इथे ज्या गोष्टी येतायत त्यातल्या बऱ्याच आम्हाला जमत नाहीत. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, आवाज वाढला की कान झाकून खाली बसतो. आम्हाला वस्तुसंग्रहालयाने तारलं. कामाच्या दिवशी, दार उघडताच. तेव्हा दालनात पहारेकरी आणि आम्ही, एवढेच असतो. अख्खं संग्रहालय बघायचं नाही हे मी पहिल्या फेरीतच शिकले. एकच वस्तू निवडायची, तिच्यासमोर बसून चित्र काढायचं आणि घरी परतायचं. तीन महिन्यांत त्याने एका मोठ्या मातीच्या भांड्याची अकरा चित्रं काढली. सातव्या वेळी त्याला आतल्या कडेवर बोटाचा ठसा दिसला, घडवणाऱ्याचा. मला तो आजवर दिसला नव्हता.

बऱ्याच संग्रहालयांत ठरावीक दिवशी प्रवेश मोफत असतो, चौकशी करा. १८ मे हा १९७७पासून जागतिक संग्रहालय दिन म्हणून पाळला जातो आणि तेव्हाही अनेक ठिकाणी तिकीट लागत नाही. पण त्या दिवशी गर्दी असते, त्यामुळे आम्ही जात नाही.

चौदा वर्षांच्या मुलीचे बाबा

वरचं सगळं छान आहे, पण हे लहान मुलांचं झालं. माझ्या मुलीला आम्ही काही "दाखवायला" गेलो की ती गप्प होते. शेवटी एका सकाळी मी तिच्या हातात सगळ्यांचं बसभाडं दिलं आणि म्हटलं, आज तू नेशील तिकडे. तिने एक बस निवडली, शेवटच्या थांब्यापर्यंत. आम्ही चौघं अशा भागात उतरलो जिथे आमच्यापैकी कुणीच कधी गेलेलं नव्हतं. तिथून चालत परतीची वाट तीच शोधत होती. दोनदा चुकली, मी तोंड उघडलं नाही (बायकोने हात दाबून धरला होता). आता महिन्यातून एक बस. ती पुढे चालते आणि अधूनमधून मागे वळून बघते, आम्ही येतोय ना म्हणून.

दोघं भावंडं आणि मी

फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षीगणना होते, १९९८ साली सुरू झालेली. कमीत कमी पंधरा मिनिटं एका जागी थांबून दिसलेले पक्षी मोजायचे आणि आकडे कळवायचे. शुल्क नाही. कावळे आणि कबुतरंही मोजायची असतात, हे कळल्यावर दोघांना हुरूप आला. आपण लिहिलेला आकडा कुणाच्या तरी कामाला येतो, ही भावना मुलांना फार वेगळी असते.

धागा काढणारी

सगळं दोनदा वाचलं. समुद्राचं वाचून अंगावर काटा आला, बरं झालं लिहिलंत. ताऱ्यांचं मुलाला वाचून दाखवलं तर तेव्हापासून "माझा कुठला?" चालू आहे. तुमच्या यादीत त्याच्या वयाचा तारा नव्हता, म्हणून शोधला. मे महिन्यात त्याला ४ वर्षं ४ महिने होतील आणि साधारण तितक्याच प्रकाशवर्षांवर, ४.४वर, एक ठळक तारा आहे. मराठीत त्याचं नाव मित्र. फार उत्तरेला राहणाऱ्यांना तो दिसत नाही, आमच्याकडून दिसतो, पण दक्षिणेला अगदी खाली. आमच्या घराच्या दक्षिणेला इमारती आहेत. काल संध्याकाळी आम्ही दोघं दक्षिणेकडे मोकळं क्षितिज असलेली जागा शोधायला निघालो होतो. एक सापडली आहे, घरापासून वीस मिनिटांवर. मे यायला अजून पाच आठवडे आहेत, आणि त्याने भिंतीवर खडूने पाच रेघा ओढल्या आहेत.