गिरसप्पाचं जुनं चित्रकार्ड: चित्र उलटं छापलंय का? आणि मोडी कुणी वाचून देईल का?

नमस्कार मंडळी,

आजोळचं घर आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत, जमाखर्चाच्या वहीत दाबून ठेवलेलं एक कार्ड सापडलं. पुढे गिरसप्पाचा धबधबा, वरून रंग भरलेला. डोंगर पोपटी, आकाश गुलाबी (तिथल्या पावसाळ्यात गुलाबी आकाश कुणाला दिसलं देव जाणे). पणजोबा उत्तर कानडा जिल्ह्यात जंगलखात्यात कारकून होते. तेव्हा तो जिल्हा मुंबई इलाख्यात होता.

मागे मधोमध उभी रेघ, उजवीकडे पत्ता, डावीकडे मोडीत मजकूर. तिकीट सातव्या एडवर्डचं, तीन पैचं, राखाडी. ही तिकिटं १९०२ पासूनची आणि १९११ मध्ये पंचम जॉर्जची आली, तेव्हा कार्ड साधारण त्या दशकातलं धरतो. शिक्क्यातलं साल मात्र फाटलेल्या कोपऱ्याबरोबर गेलंय.

आता घोळ. गेल्या ऑगस्टमध्ये मी शिमोग्याच्या बाजूने जोग, म्हणजे हाच गिरसप्पाचा धबधबा, पाहिला. त्याच्या चार धारा. डावीकडे राजा, ८३० फूट सरळ खाली, मग रोअरर, रॉकेट आणि उजव्या टोकाला कातळावर पसरत उतरणारी राणी. कार्डावर राणी डावीकडे आणि राजा उजवीकडे! दरीतून कुठूनही पाहिलं तरी हा क्रम बदलत नाही. बदलायचा तर वर नदीच्या पात्रात उभं राहावं लागेल. चित्राखालची इंग्रजी अक्षरं मात्र सुलटी आहेत. असं कसं?

दुसरं, मोडी कुणी वाचून देईल का? शाई तपकिरी पडलीय. आणि मामा म्हणतो लॅमिनेशन करून टाक. करू का?

घाटवाट: लॅमिनेशन अजिबात नको! प्लास्टिक एकदा चिकटलं की कार्ड गेलंच. पीव्हीसीचे अल्बमही टाळा, पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा. तिकीट भिजवून काढायच्या फंदात पडू नका, कार्डासकटच त्याला अर्थ आहे.

उलट्या चित्राचं म्हणाल तर भिंगाखाली बघा. ठिपके ओळीने दिसले तर हाफटोन, वेडीवाकडी बारीक रवाळ जाळी दिसली तर कोलोटाइप. या दोन्ही चित्र छापायच्या जुन्या पद्धती. दोन्हींत कागद थेट छपाईच्या पाट्यावर दाबला जायचा, म्हणून निगेटिव्ह आधी उलटी करून घ्यावी लागे. ते राहिलं की चित्र आरशातल्यासारखं उमटतं. मजकूर वेगळा जुळवलेला, तो सुलटाच राहतो. छापणाऱ्याला राजा काय नि राणी काय, त्याने धबधबा थोडाच पाहिला होता.

मोडीवेडा: फोटो फार हलला आहे. सुरुवात नेहमीची, 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष'. तिसऱ्या ओळीत 'छत्री' नक्की आहे. पुढचा शब्द 'पा'ने सुरू होतो आणि घडीत गेलाय. 'पाठवणे' असेल किंवा 'पावली'. सकाळच्या तिरप्या उन्हात, फ्लॅश न लावता पुन्हा फोटो काढा.

धागाकर्ता: भिंगाखाली रवाळ जाळी दिसली, ओळीतले ठिपके नाहीत. लॅमिनेशन रद्द, मामा फुगलाय. फोटो उद्या टाकतो. छत्री मागितली होती की मिळाली होती, हे कळल्याशिवाय आई आता मला सोडत नाही.