कॅनोपीला तडे जात आहेत: घुमट बदलावा, की बसवण्याची पद्धत बदलावी?

दोनआसनी (प्रश्न)

नमस्कार. माझे विमान धातूचे, शेजारी-शेजारी दोन आसनांचे आणि स्वतः बांधलेले आहे. त्याची मागे सरकणारी कॅनोपी, म्हणजे आसनांवरचे पारदर्शक झाकण, पोलादी नळ्यांच्या चौकटीवर असून अ‍ॅक्रिलिक या पारदर्शक प्लास्टिकचा घुमट चौकटीला रिव्हेटांनी जोडलेला आहे. गेल्या हिवाळ्यात मागच्या कडेच्या एका रिव्हेटपासून बोटभर लांबीचा तडा गेला आणि आता त्याच्या शेजारच्या रिव्हेटपाशीही तशीच सुरुवात दिसू लागली आहे. याखेरीज घुमटाच्या पुढच्या भागात, सूर्य समोर असला की, केसासारख्या बारीक रेषांची जाळी चमकते. नख फिरवल्यास ती जाणवत नाही, परंतु उतरताना धावपट्टीकडे पाहणे त्रासाचे होते.

तड्याच्या टोकाशी भोक पाडून हाच घुमट आणखी काही काळ वापरणे योग्य ठरेल का? बदलायचाच झाल्यास अ‍ॅक्रिलिकऐवजी पॉलिकार्बोनेट घ्यावे का, कारण ते फुटत नाही असे सर्वत्र सांगितले जाते? आणि रिव्हेट टाळून घुमट चौकटीला चिकटवण्याची जी पद्धत अलीकडे रूढ झाली आहे, ती टिकाऊ आहे का?

चौकटनळी

आपल्या प्रश्नांचा क्रम मी उलटा करतो, कारण घुमट कशाचा आहे यापेक्षा तो कसा धरला आहे यावर त्याचे आयुष्य अधिक अवलंबून असते. अ‍ॅक्रिलिक तापमानाच्या दर अंशाला दर मीटरमागे सुमारे 0.07 मिलिमीटर प्रसरण पावते, तर पोलाद 0.012 मिलिमीटर. दीड मीटर लांबीचा घुमट आणि 40 अंशांचा फरक धरला, तर अ‍ॅक्रिलिकची लांबी सुमारे 4.2 मिलिमीटरने बदलते आणि तिच्याखालच्या नळीची जेमतेम 0.7 मिलिमीटरने. उरलेला साडेतीन मिलिमीटरचा फरक कोठेतरी जिरावा लागतो. उन्हात उभ्या असलेल्या विमानाचा घुमट हवेपेक्षा बराच अधिक तापतो आणि उंचीवर तो झपाट्याने थंड होतो, हे लक्षात घेतले तर 40 अंश ही अतिशयोक्ती नाही.

घुमट मध्यभागी स्थिर धरला तरी प्रत्येक टोकाला पावणेदोन मिलिमीटरची हालचाल उरते. भोक रिव्हेटच्या मापाचेच असेल तर ही हालचाल होऊ शकत नाही. थंडीत घुमट आकसू पाहतो, रिव्हेट त्याला अडवतो आणि भोकाच्या कडेवर ओढ निर्माण होते. थंड अ‍ॅक्रिलिक अधिक ठिसूळही असते. तडे हिवाळ्यात, टोकाच्या रिव्हेटपाशी आणि मागच्या कडेला जातात त्याचे कारण हेच. आपला तडा हे वार्धक्याचे नव्हे, तर जखडल्याचे लक्षण आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच चौकटीवर तशाच रिव्हेटांनी नवा घुमट बसवलात, तर काही हिवाळ्यांनी आपण हाच प्रश्न पुन्हा विचाराल.

टोकाशी भोक पाडण्याविषयी: अमेरिकेच्या एफएए या विमानवाहतूक नियामक संस्थेच्या एसी 43.13-1बी या मार्गदर्शक पुस्तिकेत पारदर्शक प्लास्टिकच्या दुरुस्तीचा भाग आहे आणि तड्याच्या टोकाशी सुमारे 3 मिलिमीटरचे भोक पाडणे ही तेथे तात्पुरती उपाययोजना मानली आहे. भोक तड्याच्या खऱ्या टोकावर पडले पाहिजे, आणि ते टोक डोळ्यांना दिसते त्याच्या थोडे पुढे असते. तडा दृष्टीच्या रेषेत नसेल आणि कडेपाशीच थांबलेला असेल, तर नवा घुमट येईपर्यंत ही व्यवस्था मला मान्य आहे. मात्र दुसऱ्या रिव्हेटपाशी सुरुवात झाली असताना ती कायमची मानू नये.

भोके पाडताना साधे धातूचे ड्रिल वापरू नये. ते प्लास्टिकमध्ये घुसून त्याला ओढते आणि पलीकडच्या बाजूला टवका उडवते. सुमारे 60 अंशांच्या टोकाचे, कापणारी धार बोथट करून खरवडणारे बनवलेले ड्रिल घ्यावे आणि काम उबदार खोलीत, 25 अंशांच्या आसपास करावे. भोकाच्या दोन्ही कडा आणि घुमटाची कापलेली कड बारीक पॉलिश कागदाने गुळगुळीत करेपर्यंत काम पूर्ण झाले असे समजू नये, कारण बहुतेक तडे करवतीने सोडलेल्या एखाद्या खाचेतूनच निघतात. रिव्हेटऐवजी स्क्रू, भोकात मऊ नळीचा तुकडा, डोक्याखाली रबरी वॉशर, आणि स्क्रू घट्ट करून मग एक पूर्ण फेरा सैल, ही जुनी रीत आजही उत्तम आहे. स्क्रू सैल पडू नये म्हणून आटे चिकटवणारे द्रव लावण्याचा मोह मात्र टाळावा. ते अ‍ॅक्रिलिकला लागले की ताणाखालच्या भागात तडे सुरू होतात. त्याऐवजी नायलॉनची कडी असलेले नट वापरावेत.

उलटी_गिरकी

पॉलिकार्बोनेटविषयी थोडी थंड डोक्याने चर्चा व्हावी. त्याची आघात सहन करण्याची ताकद अ‍ॅक्रिलिकच्या कितीतरी पट आहे, यात वाद नाही, आणि पक्ष्याची धडक हा आपला मुख्य धोका असेल तर तो मुद्दा खरा आहे. वजनातही फरक पडत नाही, कारण दोन्हींची घनता 1.2 च्या जवळपास आहे. परंतु त्याचा पृष्ठभाग मऊ असल्याने ओरखडे लवकर पडतात, संरक्षक लेप नसेल तर अतिनील किरणांनी ते पिवळे पडते, आणि पेट्रोलचा शिंतोडा त्याला अ‍ॅक्रिलिकपेक्षाही अधिक झोंबतो. अ‍ॅक्रिलिकवरचे ओरखडे क्रमाक्रमाने बारीक होत जाणाऱ्या कागदांनी घासून पुन्हा स्वच्छ करता येतात. लेप दिलेले पॉलिकार्बोनेट असे घासले तर लेपच जातो. शिवाय सपाट पत्र्यावर आधीच दिलेला लेप घुमटाच्या आकारात ताणला की फाटतो, म्हणून लेप आकार दिल्यानंतरच द्यावा लागतो आणि ते काम घरच्या कार्यशाळेत होत नाही.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. नाकावर आदळून विमान उलटे झाले आणि सरकणारी कॅनोपी रुळांवर अडकली, तर बाहेर पडण्याचा मार्ग घुमट फोडूनच निघतो. अ‍ॅक्रिलिक टोकदार हातोडीने फुटते. पॉलिकार्बोनेट आतून, आसनाच्या पट्ट्यांना लटकलेल्या अवस्थेत, जवळजवळ फुटतच नाही. ज्या गुणासाठी आपण ते घेऊ पाहता, तोच गुण त्या क्षणी आपल्या विरुद्ध जाईल. पुढची स्थिर विंडशील्ड वेगळी असेल तर तिथे पॉलिकार्बोनेट आणि मागे सरकणाऱ्या भागात अ‍ॅक्रिलिक, अशी विभागणी मला समजू शकते. आणि अ‍ॅक्रिलिकच घ्याल तेव्हा ओतून तयार केलेले घ्या. यंत्रातून दाबून काढलेल्या स्वस्त पत्र्यात आतला ताण अधिक असतो आणि विद्रावकांना ते लवकर बळी पडते.

दोनआसनी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पॉलिकार्बोनेटचा विचार मी सोडून दिला आहे. आपले वाचून आज भोके मोजली. ती रिव्हेटच्या मापाचीच निघाली. बारीक रेषांच्या जाळीबद्दल मात्र कोणी लिहिले नाही. ती घासून जाईल का? आणि चिकटवण्याविषयी ज्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे, त्यांचे मत ऐकायला आवडेल.

मऊफडके

ती जाळी म्हणजे ओरखडे नव्हेत. ते पृष्ठभागातले सूक्ष्म तडे आहेत आणि ते ओढीच्या दिशेला आडवे उमटतात. ताण आणि विद्रावक एकत्र आले की ते लवकर दिसू लागतात. अमोनिया असलेले खिडक्या पुसण्याचे द्रव, अल्कोहोल, अ‍ॅसिटोन, थिनर, इंधन, यांपैकी काहीही पुरेसे होते. वरवरची जाळी घासून काढता येते, परंतु त्या भागाची जाडी कमी होते आणि नजरेसमोर लाटांसारखी विकृती येऊ शकते. शिवाय ओढ कायम असेल तर जाळी परत येते. फुगवून घडवलेल्या घुमटाचा माथा मुळातच कडांपेक्षा पातळ असतो, हेही विसरू नये. समोरच्या भागात जाळी असेल तर मी घासण्यात वेळ घालवणार नाही.

स्वच्छतेसाठी आधी भरपूर पाणी, मग सौम्य साबण आणि हात, शेवटी मऊ सुती कापड; पुसणे सरळ रेषेत, गोल गोल नव्हे, कारण गोल ओरखडे सूर्याभोवती प्रभामंडळ तयार करतात. आच्छादन घालण्यापूर्वी धूळ धुतली नाही तर वाऱ्याने फडफडणारे आच्छादनच पॉलिश कागदाचे काम करते. नव्या घुमटावरची संरक्षक चिकट फिल्म महिनोन्महिने, विशेषतः उन्हात, ठेवू नये; तिचा गोंद कडक होतो आणि मग तो काढण्यासाठी लोक नेमके नको ते द्रव वापरतात.

थरजाडी

चिकटवण्याविषयी. सिकाफ्लेक्स 295 यूव्ही हा लवचीक पॉलियुरेथेन गोंद बोटींच्या प्लास्टिकच्या खिडक्यांसाठी असतो आणि स्वतः विमान बांधणाऱ्यांनी तो तिथूनच उचलला. त्याचा मोठा लाभ असा की घुमटात एकही भोक पडत नाही आणि हालचाल गोंदाच्या थरात जिरते. मात्र त्यासाठी थराला जाडी हवी. घुमट नळीवर दाबून गोंद बाहेर पिळून काढला, तर वर सांगितलेले पावणेदोन मिलिमीटर कागदाएवढ्या थराला सोसावे लागतात आणि मग रिव्हेट बरे होते असे म्हणण्याची वेळ येते. साधारण 3 मिलिमीटर जाडीचे रबरी तुकडे ठरावीक अंतरावर ठेवून फट राखावी आणि गोंद पूर्ण पक्का झाल्यावर त्या जागा भराव्यात.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. गोंदाचा अ‍ॅक्रिलिकला चिकटलेला पृष्ठभाग घुमटातून येणाऱ्या उन्हाला थेट सामोरा असतो, आणि जोड तेथेच हळूहळू सुटतो. त्यामुळे निर्मात्याने सांगितलेला काळा प्रायमर किंवा बाहेरून फायबरग्लासची अपारदर्शक पट्टी आवश्यक आहे. पूर्वतयारीची द्रवे निर्मात्याच्या क्रमाने आणि सांगितलेल्या वाळण्याच्या वेळेनेच वापरावीत. हा गोंद हवेतल्या ओलाव्याने पिकतो, घाईने नव्हे. मागच्या टोकाला, जिथे उड्डाणात वरून शोषण असल्याने सरकणारी कॅनोपी उचलली जाते, तिथे मी केवळ गोंदावर विसंबत नाही. बाहेरची पट्टी चौकटीला यांत्रिकपणे धरलेली असावी.

उलटी_गिरकी

कॅनोपी उघडलेलीच आहे तर लॅचही पाहून घ्या. विमानरचनाकार बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझी या स्वतः बांधायच्या विमानात कॅनोपी बाजूला उघडते आणि प्रोपेलर मागे असतो, म्हणून तिच्या आराखड्यातच मुख्य लॅचखेरीज वेगळा सुरक्षा-खटका आणि लॅच न लावल्याचा इशारा देणारी यंत्रणा आहे. सरकणाऱ्या कॅनोपीत धोका तितका नाही, तरी ती अचानक सरकली तर आवाजाने आणि वाऱ्याने वैमानिक दचकतो, आणि अपघात बहुधा कॅनोपीमुळे नव्हे, तर तिला ओढण्याच्या नादात वेग हरवल्यामुळे होतात. दुसरा खटका आणि एक साधा स्विच यांचे वजन नगण्य आहे. नवा घुमट, पट्ट्या आणि खटका बसवल्यावर वजन व गुरुत्वमध्याची नोंद पुन्हा करा, आणि पहिल्या उड्डाणात वेग टप्प्याटप्प्याने वाढवत मागच्या कडेची फट कोणाला तरी पाहायला सांगा.

दोनआसनी

ठरले. ओतीव अ‍ॅक्रिलिकचा नवा घुमट, 3 मिलिमीटरच्या फटीसह गोंद, मागच्या कडेला मोठ्या भोकांतून स्क्रूने धरलेली पट्टी. जुना घुमट तोवर टोकाशी भोक पाडून फक्त जवळच्या उड्डाणांना वापरेन. एकच शंका उरते: चौकटीला जुना रंग आहे, गोंदाखाली तो ठेवावा की धातूपर्यंत काढावा?

थरजाडी

काढा. गोंद रंगाला कितीही घट्ट धरो, रंग नळीला किती धरतो एवढीच त्या जोडाची ताकद असते. धातू उघडा करून त्याच दिवशी दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर द्या, तो पूर्ण पिकू द्या, आणि मग गोंदाची पूर्वतयारी त्यावर करा.